मुलाखतीसाठी ग्राहकच मिळत नाहीत? आधी अडलंय कुठे ते बघा

"कल्पना पक्की आहे, प्रश्नही लिहून काढलेत, पण बोलायला माणसंच मिळत नाहीत." नवा धंदा सुरू करू पाहणाऱ्यांकडून ही तक्रार मी सतत ऐकतो. महिना जातो. गूगल फॉर्मवर चुलतभावांची आणि कॉलेजच्या मित्रांची उत्तरं जमतात. मग मंडळी वैतागतात आणि कुणाशीही न बोलता थेट अ‍ॅप बनवायला घेतात. तिथून पुढे पैसा आणि वर्ष दोन्ही खर्ची पडतं, म्हणून हा गुंता इथेच सोडवलेला बरा.

माणसं मिळत नाहीत याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की नेमकं कोण हवंय आणि ते माणूस कुठल्या वेळी कुठे असतं, हे आपण ठरवलेलं नाही. हे नीट ठरलं की बाकीची कामं कष्टाची असतात, अवघड नसतात.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण घेऊन चालू. समजा तुम्हाला नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्ष बागाईतदारांसाठी फवारणीच्या नोंदी ठेवणारं अ‍ॅप करायचंय. कल्पना हवेतली नाही. युरोपला द्राक्ष पाठवायचं तर बागेची नोंदणी लागते, काढणीआधी मालाचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि औषधांचे अंश मर्यादेत आहेत का ते तपासलं जातं. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट प्रणाली २००६ पासून याच कामासाठी आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशांमुळे युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. त्याचा फटका ज्यांनी सोसला त्या घरांत अजून तो हंगाम विसरलेले नाहीत. म्हणजे दुखणं खरं असू शकतं. ते किती जणांचं आहे आणि त्यावर पैसे कोण मोजेल, हे मात्र बोलल्याशिवाय कळणार नाही.

"शेतकरी" शोधताय? म्हणूनच कोणी सापडत नाही

कोणाशी बोलायचंय असं विचारलं की उत्तर येतं, "द्राक्ष शेतकरी". एवढ्यावर शोध सुरू होऊच शकत नाही. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव-कवठेमहांकाळकडचा बागाईतदार बेदाणा करतो. त्याची काळजी शेडवरची, रंगाची, सौद्यात निघणाऱ्या भावाची. दिंडोरी-निफाडमध्ये व्यापाऱ्याला जागेवर माल देऊन मोकळा होणारा शेतकरी आहे, त्याला नोंदवही कोणी विचारत नाही. बागलाणात लवकर छाटणी घेणारे आहेत, त्यांचं वेळापत्रकच वेगळं. तुम्हाला हवाय तो थॉमसन किंवा क्रिमसन जातीची द्राक्षं लावलेला, निर्यातदाराला माल देणारा आणि मागच्या दोन हंगामांत ज्याला कोणीतरी "नोंदी दाखवा" म्हटलं असा शेतकरी.

"ज्याला अलीकडे हे करावं लागलं" ही अट महत्त्वाची आहे. वय, शिक्षण, एकर हे सगळं दुय्यम. मागच्या वर्षी नमुना नापास झालेला पाच एकरवाला तुम्हाला एका तासात जे सांगेल, ते कधीच निर्यात न केलेला पन्नास एकरवाला दिवसभर बसला तरी सांगू शकणार नाही. अट अशी घट्ट केली की माणसं कमी होतील अशी भीती वाटते. होतं उलटंच. "द्राक्ष शेतकरी माहीत आहेत का?" या प्रश्नावर समोरचा नुसता हसतो. "उगावात यंदा युरोपचा माल कोणी कोणी दिला?" या प्रश्नावर तो बोटं मोजायला लागतो.

दुसरी बाजूही बघा. नोंद लिहितं एक माणूस, मागतं दुसरं आणि पैसे देईल कदाचित तिसरंच. कित्येक घरांत वही मुलगा किंवा सून लिहिते, बाग आणि व्यवहार वडील बघतात. नोंदी मागतो निर्यातदाराचा फील्ड ऑफिसर. फक्त वडिलांशी बोलून परत आलात तर तिघांपैकी एकच भेटला. नोंद कोण करतं हे पहिल्या फोनवरच विचारा आणि भेटीला त्या माणसालाही बसवा.

फोन उचलत नाहीत, उचलला तर "नंतर बघू"

इथे बहुतेकदा वेळ चुकलेली असते. फळछाटणी झाली, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर, पुढचे दोन महिने बागाईतदाराला जेवायला सवड नसते. डाऊनी हा बुरशीचा रोग येईल का, रात्री दव किती पडलं, घड जीएच्या (मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या) द्रावणात कधी बुडवायचे, मजुरांची टोळी उद्या येणार की नाही, सगळं एकदम अंगावर असतं. त्या दिवसांत "वीस मिनिटं मिळतील का" म्हणणारा अनोळखी आवाज त्याने का ऐकावा? काढणीच्या ऐन गर्दीतही तेच. निवांतपणे बोलायचं तर एप्रिलची खरड छाटणी आटोपून बाग जरा मार्गी लागल्यावर जा. मात्र चालू काम डोळ्यांनी बघायचं असेल तर हंगामातच जा, आणि तेव्हा मुलाखत मागू नका. "तुमच्याबरोबर फवारणीला उभा राहू का, मध्ये मध्ये विचारीन," असं म्हणा. त्याला सहसा नकार येत नाही.

दिवसातली वेळही बघा. सकाळी फवारणी, दुपारी विश्रांती, मोकळीक मिळते ती रात्री आठनंतर. काही गावांत शेतीपंपाची थ्री फेज लाइट अजून एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रीच्या लाइटच्या आठवड्यात माणूस पहाटेपर्यंत मोटारीपाशी असतो, त्याला सकाळी नऊला फोन करू नका. लाइट कधीची आहे हे गावातल्या कोणालाही विचारलं तरी कळतं.

प्रत्येक धंद्याला असं पंचांग असतं. करसल्लागार किंवा अकाउंटंट हे तुमचे ग्राहक असतील तर महिन्याच्या अकरा आणि वीस तारखेच्या आसपास त्यांच्या वाटेला जाऊ नका, जीएसटीची विवरणपत्रं तेव्हा भरायची असतात. जुलैचा शेवटचा आठवडा तर प्राप्तिकराच्या विवरणपत्रांमुळे विसराच. गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांशी बोलायचंय? वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यायच्या असतात. त्याआधी ते हिशेब आणि इतिवृत्तात बुडालेले असतात, पण सभा उरकली की पुढचे काही आठवडे त्यांच्याकडे सांगायला भरपूर असतं. भोसरीतल्या लहान वर्कशॉपवाल्यांना भेटायचं तर गुरुवार बघा. औद्योगिक सुट्टीमुळे मशिन बंद असतात, तरी बरेच मालक बिलं आणि दुरुस्तीच्या कामासाठी शटर अर्धं उघडून बसलेले दिसतात. एरवी मशिनच्या आवाजात तुमचा प्रश्न त्यांना ऐकूही जाणार नाही.

मेसेज वाचतात, उत्तर देत नाहीत

बहुतेकांचा मेसेज असा असतो:

"नमस्कार सर, आम्ही एक अ‍ॅग्रिटेक स्टार्टअप सुरू करत असून शेतकऱ्यांच्या समस्या जाणून घेत आहोत. कृपया आपला बहुमोल वेळ देऊन खालील फॉर्म भरावा."

हा मेसेज कोणालाही गेला असता, त्यामुळे तो कोणाचाच नसतो. वर वाचणाऱ्याला शंका येते: औषध कंपनीचा माणूस असेल, विमा असेल, नाहीतर अनुदानाच्या नावाखाली ओटीपी मागणारा असेल. गावोगावी असे फसवणुकीचे प्रकार झालेत, लोक सावध झालेत आणि ते योग्यच आहे.

याऐवजी असं लिहून बघा:

"नमस्कार काका. मी (तुमचं नाव), ओझरचा. तुमचा नंबर खेडगावच्या सेवा केंद्रातून मिळाला, त्यांना विचारूनच मेसेज करतोय. मागच्या हंगामात तुम्ही युरोपला माल दिला असं कळलं. तेव्हा फवारणीच्या नोंदी कशा ठेवल्या, कुठे त्रास झाला, एवढंच समजून घ्यायचंय. विकायला काही नाही. मंगळवार किंवा बुधवारी रात्री आठनंतर पंधरा मिनिटं फोन केला तर चालेल का?"

यात गाव आहे, नंबर कुठून मिळाला ते आहे, त्याच्याच अनुभवातली एक ठरावीक गोष्ट आहे आणि वेळ आहे. तुमची कल्पना मात्र नाही, आणि ती इथे नकोच. अ‍ॅपचं नाव काढलंत की आपल्याकडची माणसं भिडेखातर "चांगलंय, करा, पोरांनी असं काहीतरी केलंच पाहिजे" म्हणतात. ते कौतुक मनापासूनचं असतं, पण त्यावर धंदा उभा राहत नाही. पुढे गाठ पडल्यावर कोणी विचारलंच की हे सगळं कशासाठी, तर खरं सांगा: यावर काहीतरी करायचा विचार आहे, अजून ठरलेलं नाही.

आणि "सर" नको. वयाप्रमाणे काका, दादा, ताई म्हणा. वर्कशॉपमध्ये शेठ चालतं, डॉक्टरांना डॉक्टर. ज्या नावाने त्यांना रोज हाक मारली जाते, तीच वापरा.

ओळखी संपल्या, आता कुठे जायचं?

या प्रश्नावर मी जास्त वेळ घालवतो, कारण खरी माणसं इथेच सापडतात. ज्या जागी तो त्रास होत असतो तिथे जाऊन उभं राहायचं.

आपल्या उदाहरणात पहिली जागा म्हणजे कृषी सेवा केंद्र. पिंपळगाव बसवंत किंवा दिंडोरीच्या एखाद्या दुकानात संध्याकाळी सहानंतर तासभर बसून बघा, अर्थात मालकाला विचारून. शेतकरी येतो, मोबाइल काढून पानाचा फोटो दाखवतो. काउंटरमागचा विचारतो, "बाग किती दिवसांची?" उत्तर येतं, "बेचाळीस." छाटणीपासून मोजलेले हे दिवस असतात, इथे तारखेने कोणी बोलत नाही. दुकानदार दोन डबे पुढे ठेवतो आणि पावतीच्या मागे बॉलपेनने प्रमाण लिहितो. ती पावती शेतकऱ्याच्या खिशातून पिकअपच्या डॅशबोर्डवर जाते, तिथून शेडमधल्या खिळ्याला अडकते आणि फील्ड ऑफिसर येणार म्हटलं की काही घरांत त्या पावत्या काढून वही एका बैठकीत भरली जाते. नोंद कुठे तयार होते, कुठे हरवते आणि केव्हा जुळवली जाते, हे त्या तासाभरात दिसतं. तारखेचा रकाना ठेवून बनवलेलं अ‍ॅप इथे का अडखळेल, तेही कळतं. फॉर्म कितीही नीट बनवला तरी यातलं काही त्यात येणार नाही. शिवाय त्याच बाकावर तुमच्या शेजारी बसलेले तिघे-चौघे हे तुम्हाला पुढे मुलाखत देणारे असतात.

दुकानदाराने तुम्हाला का बसू द्यावं, हा प्रश्न रास्त आहे. गर्दीच्या वेळी मध्ये येऊ नका, गिऱ्हाइकाला आधी त्याचं काम करू द्या, औषधांबद्दल एक शब्दही बोलू नका. आणि आधी दुकानदाराशीच बोला. दिवसाला कितीतरी बागांची दुखणी त्याच्या कानावर पडतात. त्याचं ऐकलंत तर पुढे तोच हाका मारून गाठ घालून देतो.

दुसरी जागा पॅकहाउस, म्हणजे निर्यातीचा माल निवडून पेट्यांत भरतात ते ठिकाण. माल उतरवून घेईपर्यंत ट्रॅक्टरवाल्यांना थांबावं लागतं. थांबलेल्या माणसाला बोलायला आवडतं. तिथे परवानगी लागते, ती फील्ड ऑफिसरमार्फत मागा. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या कार्यालयातही हेच. तिसरी जागा चर्चासत्रं. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघाच्या कार्यक्रमांना किंवा मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिवारफेरीला येणारा माणूस मुळातच शिकायला आलेला असतो. भाषण चालू असताना कोणाला गाठू नका. जेवणाच्या रांगेत उभे राहा आणि व्यासपीठाकडे ज्यांनी अंशांबद्दल प्रश्न विचारला होता त्यांना शोधा. मोशीच्या किसान प्रदर्शनासारख्या ठिकाणी गर्दी अफाट असते, पण सगळे घाईत आणि हातात पिशव्या. तिथे नंबर घ्यावा, मुलाखत घेऊ नये.

ऑनलाइन शोधायचं तर व्हॉट्सअ‍ॅप किंवा फेसबुकच्या गटात फॉर्मची लिंक टाकणं बंद करा. गटात आधी "रेसिड्यू" (औषधांचे अंश), "पीएचआय" (शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस), "नमुना नापास" असे शब्द शोधा. मागच्या काही महिन्यांत ज्यांनी स्वतः त्रास मांडला होता ती नावं वर येतील. अ‍ॅडमिनला सांगून त्यांना एकेकट्याला मेसेज करा: "तुम्ही फेब्रुवारीत असं असं विचारलं होतं, पुढे काय झालं?" या प्रश्नाला जवळपास नेहमी उत्तर येतं. आपलं दुखणं कोणीतरी वाचलं होतं, ही गोष्ट माणसाला जवळची वाटते.

बायकांशी बोलायचंय, पण उत्तरं नवरेच देतात

ग्राहक महिला असतील आणि दारावर तुम्ही पुरुष म्हणून गेलात तर असं होणारच, त्यात कोणाला दोष देण्यासारखं काही नाही. बचत गटाच्या मासिक बैठकीत जा. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या गावात समूह संसाधन व्यक्ती म्हणजे सीआरपी ताई असतात, शहरांत आणि इतर ठिकाणी माविमचे (महिला आर्थिक विकास महामंडळाचे) गट असतात. ताईंना आधी भेटा, विषय सांगा, बैठकीचं मूळ काम झाल्यावर थोडा वेळ मागा. हप्ते आणि सह्या चालू असताना मध्ये पडू नका. शक्यतो टीममधल्या बाईने जावं. गटात सगळ्या एकदम बोलतात किंवा अध्यक्षा बोलतात आणि बाकीच्या माना डोलावतात, म्हणून गटात फक्त ओळख करून घ्या. खरी बोलणी नंतर एकेकीच्या घरी, तिच्या सोयीने.

बोलणी झाली, पण सगळे एकच सांगतात

एकाने दुसऱ्याचं नाव दिलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं, आणि सगळे एकाच निर्यातदाराचे निघाले, बहुधा एकमेकांचे व्याही-भावकीही. साखळीने माणसं भराभर मिळतात, पण ती एकाच वर्तुळात फिरवते. एका साखळीतली तीन माणसं झाली की मुद्दाम बाहेर पडा. दुसरं गाव, दुसरं दुकान, दुसरा निर्यातदार. आणि मुलाखतीच्या शेवटी "अजून कोणी ओळखीचं आहे का" असं मोघम विचारण्याऐवजी "ज्यांचं तुमच्याशी या बाबतीत पटत नाही असं कोण?" असं विचारा. निर्यात सोडून दिलेल्याचं नावही मागून घ्या. ज्याने वैतागून सोडलं त्याचं कारण ऐकणं मला नेहमी सर्वांत मोलाचं वाटत आलंय.

एका गटातल्या दहा-बारा जणांशी नीट बोलून झालं आणि पुढचा काय सांगणार याचा अंदाज यायला लागला, तर त्या गटापुरतं पुरे.

वेळेचे पैसे द्यावेत का?

बागाईतदाराला, डॉक्टरला, दुकानदाराला पैसे देऊ केलेत तर बहुधा अवघडल्यासारखं होईल. चहाला जा, जे शिकलात त्याचं एक पान लिहून नंतर पाठवा. असं पान क्वचितच कोणी पाठवतं, आणि जो पाठवतो त्याचा दुसरा फोन लगेच उचलला जातो. पण रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या ताई, रोजंदारीवरचे मजूर, डिलिव्हरी करणारी मुलं यांच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. त्यांची एक फेरी, एक घर, एक तास बुडाला तर त्याचे पैसे द्या, आणि बोलणं सुरू होण्याआधीच सांगा की उत्तर काहीही असलं तरी हे मिळणारच. त्यांची मजुरी बुडवून आपल्या कल्पनेची खातरजमा करणं मला मान्य नाही.

रेकॉर्डिंग करायचं तर विचारून करा. औषधांच्या नोंदीसारख्या विषयात माणूस खरं बोलतो ते विश्वासावर. त्याचं नाव निर्यातदाराच्या किंवा दुकानदाराच्या कानावर गेलं तर पुढच्या हंगामात त्याचा माल अडू शकतो. वहीत नावाऐवजी खूण वापरा, नंबर वेगळे ठेवा.

सगळं करूनही कोणी सापडत नाही

अट घट्ट केली, वेळ पाहिली, दुकानात बसलात, पॅकहाउसला गेलात, तरी "नोंदींचा त्रास झाला" असं म्हणणारं कोणी भेटत नसेल, तर आधी शेजारचं दुखणं विचारून बघा. नोंदी त्रासदायक नसतील, पण कोणतं औषध कधीपर्यंत चालेल हे ठरवताना रात्रीची झोप उडत असेल. अनेकदा धंदा तिथे असतो. आणि माणसं आहेत पण त्यांच्यापर्यंत पोहोचायलाच तुम्हाला दोन-तीन महिने लागत असतील, तर ते वहीत ठळक लिहून ठेवा. उद्या विकायलाही याच माणसांपर्यंत पोहोचायचंय, आणि तेव्हा तो खर्च तुमच्या किमतीत धरावा लागेल.

ठरवून ठेवतात आणि येत नाहीत

शक्यतो त्यांना बोलावू नका, तुम्ही जा. आदल्या संध्याकाळी एक मेसेज टाका: "उद्या आठला येतो, फवारणी निघाली तर सांगा, बांधावर भेटू." त्याच गावातल्या दुसऱ्या एकालाही त्या दिवसासाठी विचारून ठेवा, म्हणजे पहिल्याकडे अचानक टोळी आली तरी फेरी वाया जात नाही. ज्याचं राहिलं त्याला रागाने पुन्हा पुन्हा फोन करू नका. एकदाच लिहा, "काम उरकलं की सांगा, मी या भागात शुक्रवारी परत येतोय," आणि शुक्रवारी खरोखर जा.